जुन्या थिएटरमागे, हिरवं गेट

मनिलात पहिल्या आठवड्यात मला बघून दुकानं रिकामी व्हायची. म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, दुकानदारच गायब.

2019 चा जुलै. मांडालुयोंगच्या एका गल्लीत हातात वही, पाठीला सॅक आणि अंगभर घाम घेऊन मी एकेका दुकानापुढे उभा राहायचो. आतली बाई माझ्यावर एक नजर टाकायची आणि पडद्याआड जायची. मग सहा-सात वर्षांचं एखादं पोरगं पुढे येऊन पाठ केल्यासारखं म्हणायचं, "वाला पो सी नानाय." आई घरी नाही. पडद्याखाली आईची पावलं स्पष्ट दिसत असायची. तिसऱ्या दुकानात हेच झालं तेव्हा माझ्याबरोबरची सहकारी हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकली. म्हणाली, "सर, ती वही आधी आत ठेवा. त्यांना वाटतंय तुम्ही वसुलीला आलात."

फिलिपिन्समध्ये भारतीय माणसाला 'बुंबाय' म्हणतात. शब्द थेट 'बॉम्बे'वरून आलेला. आणि बुंबाय म्हटलं की गल्लीतल्या कुणाच्याही डोळ्यांपुढे येतो मोटरसायकलवरून फिरणारा सावकार. धंद्याचं नाव 'फाइव्ह-सिक्स': पाच घ्या, सहा परत करा, रोज थोडे थोडे. हे सावकार बहुतेक पंजाबी, पण गल्लीला त्याच्याशी काय देणंघेणं? मी डोंबिवलीचा, आणि डोंबिवलीचा माणूस देशाबाहेर पडला की मुंबईचाच होतो. तेव्हा त्या गल्लीने आजवर पाहिलेल्या बुंबायांत नावाला जागणारा मी बहुधा पहिलाच. तिथे मंडईत मोठ्या कांद्यालाही 'सिबुयास बोंबाय' म्हणतात, मुंबईचा कांदा. नाशिककरांनी यावर काय वाटून घ्यायचं ते घ्यावं.

मी वसुलीला आलो नव्हतो. मनिलातल्या ओर्तिगास भागातल्या एका छोट्या कंपनीला मोबाइलवर चालणारी आसपासच्या दुकानांची डिरेक्टरी करायची होती, आणि तिचं डिझाइन माझ्याकडे होतं. पुण्यात असलं एक काम आधी केलेलं, त्यामुळे रकाने डोक्यात तयारच होते. दुकानाचं नाव, प्रकार, पत्ता, फोन, वेळ, आणि शेवटी पाच तारे. विमानातच मी पहिलं पान तयार करून टाकलं होतं. चांगलं दिसत होतं ते, खोटं कशाला बोलू.

आधी सारी-सारी दुकान कसं असतं ते सांगतो. सारी-सारी म्हणजे नानाविध. राहत्या घराच्या पुढच्या खोलीला मोठी खिडकी पाडायची, तिला लोखंडी जाळी लावायची, जाळीमागे शाम्पूच्या आणि कॉफीच्या पुड्यांच्या माळा सोडायच्या, की झालं दुकान. जाळीत हात जाईल एवढी चौकट. गिऱ्हाईक येतं, मुठीतलं नाणं जाळीवर टकटक वाजवतं आणि हाक देतं, "पाबिली पोऽ!" विकत द्या हो. तो 'पो' म्हणजे आपल्या 'अहो'मधल्या 'हो'सारखा, मान राखणारा. आणि मिळतं सगळं सुट्टं. एक सिगारेट, लसणाच्या चार पाकळ्या, इवल्याशा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून दिलेलं दोन चमचे तेल. या सुट्ट्या विक्रीला 'तिंगी' म्हणतात. वर पाटी असते, तिच्यावर शीतपेयाचं नाव हातभर आणि दुकानाचं नाव बोटभर. 'आलिंग अमकी स्टोअर'. आलिंग हे मोठ्या बाईच्या नावाआधी लावायचं. पण ती पाटी मान वर करून कुणी वाचत नाही. वाचायची गरज काय, रोज तिथेच तर जायचं असतं.

मोबाइलचा बॅलन्सही त्याच जाळीतून मिळतो. त्याला 'लोड' म्हणतात, आणि तोही तिंगीच. एका दिवसाचा, तीन दिवसांचा. तो संपला की फोन मरत नाही, अर्धवट जिवंत राहतो. 2013 साली तिथल्या एका मोठ्या मोबाइल कंपनीने फेसबुक फुकट द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून लोकांना एक सवय लागली आहे: लोड नसला तरी मेसेंजर चालतो, फक्त फोटो दिसत नाहीत. बाहेरच्या लिंकवर बोट लागलं की 'पैसे पडतील' असा इशारा येतो, आणि बोट मागे येतं.

माझ्या त्या सुंदर पानावर मोठा नकाशा होता आणि आठ फोटो. सहकारीने ते तिच्या आईच्या फोनवर उघडलं. स्वस्तातला अँड्रॉइड, काचेला आडवा तडा, मेमरी नातवंडांच्या व्हिडिओंनी भरलेली. पान उघडेपर्यंत आईने तांदूळ निवडून घेतले. मग ती लेकीला काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. मी विचारलं तेव्हा कळलं: "आई म्हणते, हे दुकान शोधायला जेवढा लोड गेला, तेवढ्यात दुकानातलं सामान आलं असतं."

त्या रात्री नकाशा गेला. म्हणजे आहे, पण मागितला तरच येतो. फोटो एकच ठेवला, टपाल तिकिटाएवढा. वेगळं अ‍ॅप बनवायचं खूळ कंपनीच्या डोक्यात होतं, तेही गेलं. ज्या फोनमध्ये नवा फोटो काढायला जुना पुसावा लागतो तिथे तुमचं अ‍ॅप कोण ठेवून घेणार? सगळं पान अक्षरांचं, शंभर केबीच्या आत, आणि मेसेंजरच्या पोटातल्या ब्राउझरमध्ये उघडलं तरी मोडणार नाही असं. तांत्रिक भाग एवढाच. तो कुठेही शिकता येतो.

पत्ता मात्र कुठे शिकता येत नाही.

सरकारी चौकट व्यवस्थित आहे. प्रदेश, मग प्रांत, मग शहर किंवा नगरपालिका, मग बारांगाय. बारांगाय म्हणजे आपला वॉर्ड आणि ग्रामपंचायत यांचं मिश्रण. देशभरात ते 42,000 च्या वर आहेत, आणि प्रत्येकाला सांख्यिकी खात्याने क्रमांक दिलेला आहे. मी चार ड्रॉपडाउन केले, चारही सक्तीचे. पहिल्याच दिवशी मेट्रो मनिलातलं एकही दुकान नोंदवता येईना, कारण मेट्रो मनिलात प्रांतच नाहीत. सोळा शहरं आणि पातेरोस नावाची एकुलती एक नगरपालिका, सगळी थेट प्रदेशाखाली. देशाच्या राजधानीला माझ्या फॉर्ममध्ये जागा नव्हती. शिवाय एकाच नावाचे बारांगाय किती असावेत! सान इसिद्रो, सान होसे, पोब्लासियोन. आपल्याकडे वडगाव आणि पिंपळगाव असतात तसे, पण त्याहून जास्त.

आणि चौकट स्थिरही नसते. माकाती आणि तागिग या दोन शहरांचा हद्दीचा वाद वर्षानुवर्षं कोर्टात होता. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तागिगच्या बाजूने लागला, 2023 मध्ये त्यावर शेवटचा शिक्का बसला आणि माकातीचे दहा बारांगाय तागिगमध्ये गेले. आमच्या यादीतली तिथली दुकानं जागची तसूभर न हलता परगावी गेली. एका न्हाव्याला आम्ही विचारलं, पत्ता बदलू का? तो म्हणाला, बदला की, पण बास्केटबॉल कोर्टासमोर हे राहू द्या.

खरा पत्ता तो. तापात नांग म्हणजे समोर, लिकोद नांग म्हणजे मागे, ताबी नांग म्हणजे शेजारी. कांतो म्हणजे कोपरा. पत्ता विचारला की माणूस रस्त्याचं नाव सांगत नाही, शेजार सांगतो. चर्चच्या मागे, औषधाच्या दुकानाशेजारी, जॉलिबी या तिथल्या बर्गरवाल्या हॉटेलाच्या समोर. मग शेवटी ठरलेलं वाक्य, 'हिरवं गेट'. मनिलात हिरवी गेटं किती आहेत याची मोजदाद कुणी केली नसेल, पण मी एका गल्लीत अकरा मोजली. तरीही माणूस पोचतो, कारण गल्लीच्या तोंडाशी ट्रायसिकलवाले, म्हणजे मोटरसायकलला बाजूगाडी जोडलेले रिक्षावाले, बसलेले असतात आणि ते उरलेला पत्ता पुरा करतात.

रस्त्यांची नावं लोक का वापरत नाहीत, याचंही उत्तर रस्त्यावरच मिळालं. बुएंदिया नावाचा मोठा रस्ता सरकारने हिल पुयात या सेनेटरचं नाव देऊन बदलला. आज त्याच रस्त्यावर दोन वेगवेगळ्या रेल्वेमार्गांची स्टेशनं आहेत, एकाचं नाव बुएंदिया आणि दुसऱ्याचं हिल पुयात. सरकारचंच एकमत नाही, तर लोकांचं काय घेऊन बसलात? कियापो या मनिलाच्या जुन्या बाजारभागातला इलेक्ट्रॉनिक्सचा रस्ता कागदावर गोन्सालो पुयात आहे, पण स्पीकर घ्यायला सगळे 'राओन'लाच जातात. लॅमिंग्टन रोडला डॉ. भडकमकर मार्ग म्हणणारा टॅक्सीवाला मलाही अजून भेटायचाय, आणि तिथेही इलेक्ट्रॉनिक्सच मिळतं. हा योगायोग मी सहकारीला मोठ्या उत्साहाने समजावून सांगितला. ती "ओके सर" म्हणाली.

म्हणून आम्ही पत्त्याच्या वर एक मोकळा रकाना टाकला. जवळची खूण. सक्तीचा तेवढाच, बाकी सगळं ऐच्छिक. पंधरा दिवसांत तो रकाना इतका श्रीमंत झाला की मी संध्याकाळी नुसता वाचत बसायचो.

आणि मग एके दिवशी नोंदी यायच्या थांबल्या. थांबल्या म्हणजे काही यायच्या, काही नाही, कसलाही ताळमेळ नाही. दोन दिवस शोधल्यावर सापडलं. फिलिपिनोत 'पूर्वीचा' याला 'दाती' म्हणतात, आणि पुढच्या शब्दाला जोडताना त्याचा 'दातिंग' होतो. दातिंग सिनेहान, म्हणजे जिथे पूर्वी थिएटर होतं ते. दातिंग पानादेर्या, पूर्वीची बेकरी. रोमन लिपीत हा शब्द इंग्रजी 'डेटिंग'सारखा दिसतो, अक्षर न् अक्षर तसाच. आम्ही विकत घेतलेलं अश्लील जाहिराती गाळणारं फिल्टर इमानदारीत काम करत होतं. जुन्या थिएटरमागचा शिंपी, पूर्वीच्या बेकरीसमोरचा पंक्चरवाला, सगळे 'डेटिंग'च्या संशयावरून अटकेत. त्यात एक चर्चसमोरचा फुलवालाही होता.

फिल्टर काढलं, पण ती अडकलेली यादी मी ठेवून दिली. एक अख्खं न दिसणारं शहर होतं त्यात. थिएटर पडून दहा वर्षं झालेली, त्या जागी पार्किंग, तरी शिंप्याचा पत्ता थिएटरमागेच. नकाशाला हे कधी कळणार? नकाशाला फक्त आज दिसतं.

नकाशाला अंतरही कळत नाही, ते वेगळंच. आम्ही दुकानं 'जवळून लांब' अशी लावली होती. पासिग नदीच्या अलीकडच्या माणसाला पलीकडचा प्लंबर चारशे मीटरवर दाखवायचो. पूल दोन किलोमीटर लांब. कधी मध्ये एखादी भिंतीआतली श्रीमंत वसाहत यायची, तिच्या फाटकावरचा गार्ड ओळखपत्र ठेवून घेतल्याशिवाय आत सोडत नाही. आणि मनिलाबाहेर तर मध्ये समुद्रच यायचा. देशात बेटं 7,641. लहानपणी वाचलेला आकडा 7,107 होता, 2016 मध्ये नव्या मोजणीने वाढला. 1994 ची विश्वसुंदरी स्पर्धा मनिलात झाली, सुष्मिता सेन जिंकली ती, त्यात फिलिपिन्सच्या मुलीला विचारलं होतं की तुमच्या देशात बेटं किती, तर तिने उलट विचारलं, "भरतीच्या वेळी की ओहोटीच्या?" मला ते उत्तर अंतराच्या बाबतीतही फार खरं वाटतं.

लोक अंतर मीटरमध्ये मोजतच नाहीत. 'इसांग सकाय', एक सवारी. एकदा जीपनीत, म्हणजे ठरल्या मार्गाने धावणाऱ्या तिथल्या शेअर-जीपमध्ये, बसलं की पोचलात. 'दलवांग सकाय' म्हणजे मध्ये उतरून दुसरी धरायची. तिसरी सवारी म्हटलं की लोक "मलायो", लांब आहे, म्हणतात आणि विषय सोडतात. मी पानावर मीटरच्या जागी सवाऱ्या लिहायच्या असा हट्ट धरला. इंजिनिअर मंडळी वैतागली. जीपनीचे मार्ग कुठल्याच फाइलमध्ये नीट नव्हते. शेवटी ट्रायसिकलवाल्यांच्या संघटनांच्या थांब्यांवर बसून, थंड पेयांच्या बदल्यात, सहकारीने आणि तिच्या दोन चुलत भावंडांनी ते वहीत उतरवले. सगळ्या शहराचे कधीच झाले नाहीत. जेवढे झाले तेवढ्याच भागात ही सोय दिसते, आणि माझ्या मते त्या अख्ख्या पानावर अभिमान वाटावा अशी एवढीच गोष्ट आहे.

भाषेचं थोडक्यात सांगतो, कारण तिथे आम्ही नुसते आपटलो. फिलिपिनो म्हणजे मुख्यतः तागालोग, एवढं गृहीत धरून बटणं लिहिली. सेबू बेटावर लोक सेबुआनो बोलतात आणि मनिलाची भाषा आपल्यावर लादली की त्यांच्या कपाळावर बारीक आठी येते. आमचं एक बटण होतं 'पालित', म्हणजे बदला. दुकानाचा नंबर बदलला असेल तर कळवायला. सेबुआनोत पालित म्हणजे विकत घेणे. सेबूतल्या गिऱ्हाइकांनी ते बटण दाबून आम्हाला तांदळाची ऑर्डर पाठवली.

दुकानांचे प्रकारही लोकांनी बदलायला लावले. मी 'वाहन सेवा' लिहिलं होतं. लोक शोधत होते 'व्हल्कनायझिंग', म्हणजे पंक्चर, आणि ते स्पेलिंग दर पाटीवर वेगळं. फ्रिजला 'रेफ'. प्लंबरला 'तुबेरो'. गॅरेजला 'तालयेर'. स्पॅनिश राजवटीचे शब्द असे पाइपात आणि पान्यात शिल्लक आहेत. आणि 'पिसो वायफाय' हा प्रकार तर माझ्या स्वप्नातही नव्हता: खोक्यात एक पेसोचं नाणं टाका, काही मिनिटं इंटरनेट घ्या. इंटरनेटसुद्धा तिंगी!

फोनच्या रकान्यात एक नंबर पुरेल असं मला वाटलं होतं. तिथे दुकानदार तीन सांगतो, आणि प्रत्येकापुढे कंपनीचं नाव. एका कंपनीतून दुसरीत बोलणं महाग पडायचं, त्या काळची ही सवय. 2021 च्या सप्टेंबरअखेर नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय झाली, तरी लोक पहिल्या चार आकड्यांवरूनच कंपनी ओळखत राहिले. शिवाय फोन कुणी करतच नाही. अनोळखी माणसाला एकदम फोन करायला त्यांना संकोच वाटतो. 'हिया' म्हणतात त्याला, लाज आणि भीड यांच्या मधलं काहीतरी. मेसेज करतात. म्हणून फोनचं बटण लहान केलं आणि मेसेजचं मोठं. मेसेजात पहिला शब्द 'एचएम' असतो, हाऊ मच. त्यावर दुकानदार भाव सर्वांसमोर न सांगता खासगीत सांगतो. तिथलं व्यापार खातं सारखं बजावत असतं की भाव लपवणं कायद्यात बसत नाही. भाव तरीही खासगीतच येतो.

आणि तारे. पाच ताऱ्यांवर माझा विश्वास होता. चार महिन्यांनी पाहिलं तर प्रत्येक दुकानाला पाचपैकी पाच, एखाद्या चुकार बोटाने दिलेला चार सोडला तर. शेजारच्या बाईला दोन तारे देऊन संध्याकाळी तिच्याच जाळीपुढे व्हिनेगर मागायला कोण उभं राहील? मग सहकारीने 'सुकी' सुचवलं. सुकी म्हणजे नेहमीचं गिऱ्हाईक. पण दुकानदारही गिऱ्हाइकाची सुकीच. दोघं एकमेकांना हाच शब्द वापरतात, हे मला फार आवडलं. आपल्याकडे गिऱ्हाईक बांधलेलं असतं म्हणतात. तिथे दोन्ही टोकं बांधलेली. मासळीवाली सुकीला एक मासळी वर टाकते, सुकी दुसऱ्या मासळीवालीकडे बघतही नाही. बाजारात जाताना नजर खाली ठेवून जाते म्हणे, उगीच वाईट वाटायला नको.

तारे काढून आम्ही 'मी यांची सुकी आहे' असं बटण केलं. लोकांनी ते दाबलं. खूप दाबलं. पण मग एका दुकानदाराचा मेसेज आला की अमुक माणसाने स्वतःला माझी सुकी म्हणवून घेतलंय, त्याला मी ओळखत नाही. दुसरीचा आला की तमुक बाई माझी सुकी आहे, पण तिचे चारशे पेसो थकलेत, तोवर तिला सुकी म्हणू नका. त्यामुळे दुकानदारानेही होकार द्यायचा, तरच गणती. ती गणती कधी फार मोठी होत नाही. आठ, अकरा, सोळा. पण पानावर 'अकरा सुकी' वाचलं की माणूस त्या दुकानात जातो, हे मी पाहिलंय.

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. घरटी एकानेच, बारांगायचा पास घेऊन बाहेर पडायचं. मी तोवर डोंबिवलीत परतलो होतो. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले साडेसहा, तेव्हा चहाआधीच कामाला बसायचो. यादी एकदम फुगली, कारण नोकरी गेलेले सगळे घरून काहीतरी विकायला लागले. त्यातले निम्मे उबे, म्हणजे जांभळा कंद, घातलेला पांदेसाल पाव विकत होते. ती पावांची लाटच आली होती तेव्हा. या नव्या लोकांचं दुकान म्हणजे स्वयंपाकघर, आणि पत्ता म्हणजे घर. एका मुलीने लिहिलं, अनोळखी माणसं थेट दारात येतात, मी एकटी असते. तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. नकाशावरची टाचणी घरावर न लावता नुसतं बारांगायचं नाव दाखवायची सोय आम्ही त्या आठवड्यात केली. ती पहिल्या दिवसापासून हवी होती. सापडावं एवढाच विचार आम्ही केला होता, न सापडायचीही कुणाला गरज असते हे सुचलंच नव्हतं.

खरं तर मला ते सुचायला हवं होतं, कारण 2019 मध्येच एकीने सांगून ठेवलं होतं.

ती त्या पहिल्या गल्लीतलीच. पडद्याआड न गेलेली एकटी. साठीची असावी, मी बुंबाय आहे पण फाइव्ह-सिक्सवाला नाही, हे कळल्यावर तिने मला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि 'ईहो', बाळा, म्हणायला लागली. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, नको. का? "आलाम ना निला." त्यांना माहीत आहे. कुणाला? ज्यांना माहीत असायला हवं त्यांना. मी व्यवसायवाढीचं माझं नेहमीचं भाषण केलं. तिने जाळीच्या आतल्या खिळ्यावरची एक वही काढली. लिस्ता, उधारीची. कोपरे चहात भिजलेल्या बिस्किटासारखे मऊ झालेले. नावं, त्यापुढे रेघा, काही खोडलेल्या. म्हणाली, माझी यादी ही, आणि ती मी तुला वाचू देणार नाही. मग खो खो हसली आणि मला केळ्याचा एक तळलेला तुकडा दिला. त्याचे पैसे मात्र घेतले.

परतायच्या आधीच्या रविवारी मी राष्ट्रीय संग्रहालयात गेलो. तिथे लागुना प्रांतात 1989 मध्ये नदीतून सापडलेला ताम्रपट आहे, वहीच्या पानाएवढा. फिलिपिन्समध्ये सापडलेला आजवरचा सर्वांत जुना लिखित दस्त. मी बाजूची माहिती वाचत होतो आणि अंगावर काटा आला. सुरुवात 'स्वस्ति'. मग शके 822, वैशाख, कृष्ण पक्ष, चतुर्थी, सोमवार. इसवी सन 900. आमच्या घरच्या लग्नपत्रिकेत लिहितात तशी तिथी, इतक्या समुद्रापलीकडे! आणि मजकूर कशाचा? कर्जमुक्तीचा. नामवारान नावाच्या माणसाचं सोन्याचं कर्ज फिटलं, त्याच्या मुलांवर आता त्याचा बोजा नाही, असं त्यात साक्षीदारांसह कोरलंय. साक्षीदारांपुढे ते कुठले प्रमुख, ती गावं. एक गाव तोंदो. ते अजून मनिलात आहे. त्या देशात लेखी असं सापडलेलं सर्वांत जुनं काही, तेच उधारीच्या वहीतलं खोडलेलं पान निघावं!

2021 च्या 16 डिसेंबरला ओदेत्त चक्रीवादळ सेबूवरून गेलं. तिथे वादळाच्या इशाऱ्याच्या पातळीलाही 'सिग्नल' म्हणतात. सिग्नल वाढला आणि सिग्नल गेला. वीज नाही, पाणी भरून देणाऱ्या दुकानांपुढे रांगा. आमच्या यादीतली सेबूची सगळी दुकानं त्या दिवसांत 'उघडं आहे' दाखवत होती, कारण वेळेच्या रकान्यात सकाळी सहा ते रात्री नऊ असं लिहिलं होतं. मी डोंबिवलीत बसून ती हिरवी टिकली बघत होतो. त्यानंतर टिकली काढली. आता तिथे दुकान उघडं असल्याचं शेवटचं कुणी आणि कधी पाहिलं, एवढंच येतं.

2023 च्या जानेवारीत कामासाठी पुन्हा गेलो. कांद्याने तेव्हा देशाला रडवलं होतं. किलोला सहाशे-सातशे पेसो, म्हणजे आपल्या नऊशे-हजार रुपयांना. परदेशातून येणाऱ्या विमान कर्मचाऱ्यांच्या बॅगांतून कांदे पकडल्याच्या बातम्या होत्या. मी त्या गल्लीत शिरलो. जाळीवर आता क्यूआर कोडचा कागद चिकटवलेला. मी दहा पेसोचं नाणं काढून टकटक केलं आणि म्हटलं, "पाबिली पो."

ती बाहेर आली, चष्मा कपाळावरून खाली घेतला. "ओय, बुंबाय." मग ताबडतोब, "कांदे आणलेस?"

आणले नव्हते. तिच्याकडे टोपलीत सात कांदे होते, सुटे, लहान लिंबाएवढे, सिबुयास बोंबायच. एकाचा भाव विचारला आणि गप्प बसलो. थंड पेय घेतलं. स्टूल तेच होतं. आतला फ्रिज घरघरत होता, खाली पाण्याचं थारोळं. म्हणाली, रेफ बिघडलाय, दुरुस्त करणारा कुणी माहीत आहे का तुझ्या त्या यादीत?

मी फोन काढला. दोन मिनिटांत नाव सापडलं, एक सवारी, नऊ सुकी. फोन तिच्यापुढे धरला. तिने डोळे बारीक करून वाचलं आणि हात झटकला. हा का? हा आता तिथे नसतो. भाऊ सौदीला गेल्यापासून भावाच्या घरी राहतो. माणूस चांगला आहे, त्यालाच बोलवायला हवं, पण पत्ता चुकीचा लिहिलायस.

"मग बरोबर कुठला?"

"लिही," ती म्हणाली. मी 'जवळची खूण'चा रकाना उघडला. ती सावकाश, शब्द तोडून सांगायला लागली, आणि मी तसंच लिहीत गेलो: दातिंग सिनेहानच्या मागे, जिथे पूर्वी गिरणी होती त्याच्या समोर, हिरवं गेट.

"हिरवं कुठलं?" मी विचारलं. "त्या गल्लीत खूप आहेत."

"कुत्रा असलेलं," ती म्हणाली, "पण तो चावत नाही, तेही लिही."